बाटली क्रमांक एकतीस

फुकट काम करणाऱ्या माणसाला नावं ठेवायचा हक्क कोणालाही नाही, असं माझं अकरा वर्षं ठाम मत होतं. पाण्याच्या नमुन्यांचं गणित करणारा एक प्रोग्राम मी आणि एक दाढीवाला मिळून सांभाळतो. दाढीवाल्याला मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. त्याच्या खात्यावरच्या छोट्या चित्रात जेवढी दाढी दिसते तेवढीच आमची ओळख. प्रोग्राम कोणीही उतरवून घ्यावा, वापरावा, उघडून आत काय आहे ते बघावं, एक पैसा लागत नाही. देशोदेशींच्या प्रयोगशाळा तो वापरतात आणि तक्रारी करतात. तक्रारींना मी शनिवारी उत्तर द्यायचो. उत्तर बहुधा एकच असायचं: मॅन्युअल वाचा.

मॅन्युअलही मीच लिहिलं होतं. त्यात 'हे उघडच आहे' चौदा वेळा आणि 'वाचकाने स्वतः करून पाहावे' सहा वेळा आलं होतं. हे मी मोजलेलं नाही. वहिनींनी मोजलं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. मी चौदा वर्षांचा असताना त्या आमच्या घरात आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी गीझरच्या वर एक चिठ्ठी चिकटवली. 'आधी नळ सोडा, मग बटण. उलट केलंत तर आतली कॉइल जळते.' त्याआधी आमच्याकडे दोनदा कॉइल जळली होती आणि दोन्ही वेळा दादाने गीझरच्या कंपनीचा उद्धार केला होता. दादा बसडेपोत मेकॅनिक. नव्या नवरीने आपल्याला बटण कसं दाबायचं ते शिकवावं, हे त्याला चांगलंच झोंबलं. तीन दिवस तो थंड पाण्याने आंघोळ करत राहिला. चौथ्या दिवशी त्याने आधी नळ सोडला. कॉइल त्यानंतर जळली नाही.

वहिनींचं बोलणं मोजकं. लिहिणं त्याहून मोजकं, पण अर्धवट नाही. त्यांनी लिहिलेल्या डब्यावरची चिठ्ठी वाचून कोणाला पुन्हा काही विचारावं लागलंय असं मला आठवत नाही. लग्नानंतर दोन वर्षांनी त्यांना पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, आणि बावीस वर्षं त्या एकाच खोलीत, एकाच स्टुलावर बसल्या. खोलीत एक लांब फरशीचं टेबल, भिंतीला लागून बाटल्यांचे क्रेट, कोपऱ्यात सिंक आणि खिडकीपाशी एक मोजणी यंत्र. यंत्र इतकं जुनं की सगळे त्याला म्हातारी म्हणायचे. बाटलीत नळी सोडायची, पाणी म्हातारीच्या पोटात चढेपर्यंत तीन-चार मिनिटं थांबायचं, मग बटण दाबायचं. म्हातारी एका बाटलीचे सात आकडे द्यायची. दिवसाला चाळीस बाटल्या. संध्याकाळी सगळे आकडे कॉम्प्युटरमध्ये घालायचे, प्रोग्राम चालवायचा, रिपोर्ट छापायचा आणि खाली सही करायची. रिपोर्ट ज्या बोअरचा असेल तिथे जायचा. लोक तो बघून पाणी प्यायचे. खरं तर सही बघून प्यायचे, कारण आकडे कोणाला कळतात!

गेल्या वर्षी वरच्या ऑफिसातून तपासणीला एक बाई आल्या. त्यांना सगळे मॅडम म्हणत, मीही तेच म्हणतो. मॅडमना जुने रिपोर्ट चाळताना एका रिपोर्टच्या शेवटच्या पानावर तळाशी एक बारीक ओळ दिसली: 'हे घडू शकत नाही. ओळ ४१२.'

"घडू शकत नाही ते घडलंय असं प्रोग्राम सांगतोय," मॅडम म्हणाल्या, "आणि त्याच्याखाली तुमची सही आहे."

वहिनी म्हणाल्या, "ते वाक्य रोजच येतं."

मॅडमनी बाकीचे रिपोर्ट काढले. वाक्य खरंच रोज येत होतं. पण रोज पुढे 'ओळ ४१' असायचं. या एकाच रिपोर्टवर ४१२ होतं. त्या दिवशी काहीतरी वेगळं बिघडलं होतं, काय ते कोणालाच सांगता येईना. वहिनींना चौकशीची नोटीस मिळाली. दहा दिवस घरी बसायचं, अकराव्या दिवशी खुलासा द्यायचा. बावीस वर्षांची नोकरी त्या खुलाशावर टांगली होती.

त्या दुपारी वहिनी माझ्या खोलीत आल्या आणि त्यांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. "भावजी, तुम्ही कॉम्प्युटरचं करता ना? हे वाक्य काय म्हणतंय?"

मी वाक्य वाचलं.

"हे मी लिहिलंय," मी म्हणालो.

"तुम्ही? आमच्या ऑफिसात?"

"नाही, इथेच. या खुर्चीत बसून."

वहिनींनी खुर्चीकडे बघितलं. एका घरात राहून मी काय करतो ते त्यांना माहीत नव्हतं आणि त्या काय वापरतात ते मला माहीत नव्हतं. जेवताना आम्ही आपले हवापाण्याचं बोलायचो.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग त्याचा अर्थ काय?"

"आठवत नाही. बघावं लागेल."

आमच्या धंद्यात एक रीत आहे. प्रोग्राम ज्या जागी कधीच पोहोचणार नाही अशी आमची खात्री असते, त्या जागी आम्ही 'हे घडू शकत नाही' असं लिहून ठेवतो. ते कोणी वाचावं म्हणून लिहिलेलं नसतं, कारण तिथे कोणी येणारच नसतं. मी अशा नऊ जागा केल्या होत्या. ओळ ४१ म्हणजे तारखेचा रकाना रिकामा. माझ्या मते कोणीही तारीख रिकामी ठेवणं शक्य नव्हतं. वहिनींच्या प्रयोगशाळेत तारखा दुसऱ्या दिवशी सकाळी कारकून भरायचा, त्यामुळे ते अशक्य तिथे रोज संध्याकाळी पाच वाजता घडत होतं.

"तुम्ही कधी कोणाला विचारलं नाहीत?" मी जरा चिडूनच म्हणालो. आपली चूक असली की मला आधी राग येतो.

"साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, घडू शकत नाही ना? मग झालं तर."

"अहो, मग प्रोग्राम करणाऱ्यांना लिहायचं!"

"लिहिलं होतं. सहा वर्षांपूर्वी. उत्तर आलं, मॅन्युअल वाचा."

मी विचारलं, "कोणत्या वारी आलं?"

"शनिवारी," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळी नऊला माझ्या खोलीत येऊन बसू लागल्या. घरी बसायचंच आहे तर काहीतरी करू, म्हणाल्या. प्रोग्राममध्ये दोनशे शहाऐंशी संदेश होते. वहिनींनी वहीत तीन रकाने आखले. काय झालं, कुठे झालं, आता मी काय करू. ज्या संदेशात या तीन गोष्टी नाहीत तो खोडायचा आणि नवा लिहायचा. पहिल्या दिवशी आम्ही एकोणचाळीस संदेश तपासले आणि एकोणचाळीस खोडले.

"'अवैध.' काय अवैध?"

"आकडा."

"कोणता?"

"जो दिलाय तो."

"मी दोनशे ऐंशी आकडे दिलेत, भावजी."

हे असं दिवसभर. माझं डोकं फिरायचं. मी एकदा टेबलावर हात आपटून म्हणालो की हा प्रोग्राम शास्त्रज्ञांसाठी आहे, ऐऱ्यागैऱ्यासाठी नाही. वहिनी म्हणाल्या, "शास्त्रज्ञ रिपोर्ट वाचतात. प्रोग्राम आम्ही चालवतो." आणि पुढचा संदेश काढला. भांडायलाही समोर माणूस भांडणारं लागतं.

मॅन्युअलचंही तेच. त्यांनी मला खऱ्या बाटल्यांचं, खऱ्या आकड्यांचं एक उदाहरण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चालवायला लावलं, आणि ते चालवताना मला कळलं की मॅन्युअलप्रमाणे वागलं तर प्रोग्राम सुरूच होत नाही.

दाढीवाल्याला हे पसंत पडलं नाही. संदेश फार लांब होतायत, असं त्याने सगळ्यांना दिसेल असं लिहिलं. वापरणाऱ्याने मॅन्युअल वाचण्याचे कष्ट घ्यावेत. वहिनींनी स्वतःचं खातं उघडून खाली उत्तर दिलं: 'मॅन्युअल वाचले. पान चारवर वाचकाने स्वतः करून पाहावे असे आहे. करून पाहिले. चौकशी चालू आहे.' दोन दिवसांनी दाढीवाल्याने सगळे बदल मंजूर केले.

चौथ्या दिवशी आम्ही ओळ ४१२ वर आलो. दोन बाटल्यांचे सातही आकडे चौथ्या दशांशापर्यंत हुबेहूब सारखे आले, तर प्रोग्राम तिथे पोहोचतो. निसर्गात असं होत नाही, म्हणून मी ते अशक्यात टाकलं होतं. वहिनींनी ऐकलं. मग म्हणाल्या, "होतं. नळी बदलली आणि पाणी वर चढायच्या आत बटण दाबलं, तर म्हातारी आधीच्याच बाटलीचे आकडे पुन्हा देते."

नोटिशीसोबत वहिनींना त्या दिवसाच्या आकड्यांची फाइल दिलेली होती, ती आम्ही उघडली. बाटली तीस आणि बाटली एकतीस, सातही आकडे एकच. शेजारी वेळ होती. सत्ताविसाव्या बाटलीपर्यंत दर बाटलीला चार मिनिटं. अठ्ठाविसाव्यापासून तीन, आणि एकतिसाव्याला फक्त दीड.

"एवढी कसली घाई होती?" मी विचारलं.

"होती," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी वही पुढे ओढून संदेश लिहिला. 'बाटली ३० आणि ३१ चे सर्व आकडे तंतोतंत सारखे आहेत. ३१ चे पाणी यंत्रात चढण्याआधी बटण दाबले गेले असावे. ३१ चा निकाल वापरू नका. पाणी पुन्हा आणून मोजा.'

मी तो वाचला. चांगला होता. माझ्या अकरा वर्षांत एवढा चांगला संदेश मी लिहिलेला नाही. पण त्याचा अर्थ मला लख्ख दिसत होता. आतापर्यंत दोष प्रोग्रामचा होता, म्हणजे माझा. एक वेडगळ वाक्य, रोज येणारं; कोणीही कानाडोळा केला असता. वहिनी सहज सुटल्या असत्या. या संदेशाने चूक उचलून थेट त्यांच्या बोटावर ठेवली होती.

"बटणाचं काढून टाकू," मी म्हणालो. "'यंत्रात अडचण असू शकते', एवढंच लिहू."

"यंत्रात अडचण नव्हती."

"ते तुम्हाला माहीत. त्यांना कुठे माहीत आहे?"

"उद्या हे दुसऱ्या कोणाला तरी दिसेल, भावजी. मग यंत्र दुरुस्तीला जाईल. महिनाभर म्हातारी बंद. आणि पाणी पुन्हा कोणी आणणार नाही."

असं म्हणून त्यांनी साहेबांना फोन लावला. एकतीसचा रिपोर्ट चुकीचा आहे, माझ्या हातून झालंय, आजच्या आज बाटली भरून आणा. साहेब आधी हळू आवाजात म्हणाले की बाई, हे फोनवर बोललात ते मी ऐकलं नाही असं समजतो. मग मोठ्या आवाजात म्हणाले की चौकशी संपेपर्यंत त्या दिवसाच्या कागदांना हात लावता येत नाही, कपाटाला सील आहे. वहिनींनी फोन ठेवला आणि चपला घातल्या. मीही निघालो. एकट्या त्यांना जाऊ देणं बरं दिसलं नसतं.

एकतीस क्रमांकाच्या बाटलीतलं पाणी ज्या बोअरचं, ती एका छापखान्यामागच्या वसाहतीत आहे. साठेक घरं, मधे पंप. पंपाची किल्ली आणि कागद एका शिवणकाम करणाऱ्या बाईकडे असतात. तिच्या मशीनशेजारी पाळणा होता, पाळण्यात तीन महिन्यांचा नातू आणि खिडकीत त्याची दुधाची बाटली. वहिनींची नजर आधी त्या बाटलीवर गेली.

"दूध कशात कालवता?"

"पाण्यात," शिवणवाली म्हणाली. "आणि काय? उकळून घेते की."

"उकळून जाणारं नाही हे. नायट्रेट असलं तर उकळून उलट वाढतं. मोठ्यांना जाणवत नाही, तान्ह्याला बाधतं. दुसरीकडचं पाणी आणा."

"पण आमचा रिपोर्ट चांगला आलाय." तिने कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद काढला. "ही बघा सही."

"ती माझीच सही आहे. मी सांगते ना, चुकलाय तो."

शिवणवालीने कागदाकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं. "मग तसा कागद द्या."

कागद वहिनींकडे नव्हता. घरी बसवलेल्या माणसाला कागद देता येत नाही. आसपासच्या चार बायका गोळा झाल्या होत्या. त्यातली एक म्हणाली की दुसरा पंप वीस मिनिटांवर आहे आणि सरकारी सही एकीकडे, तोंडी बोलणं एकीकडे, आम्ही कोणाचं ऐकायचं? प्रश्न रास्त होता. वहिनी रिक्षाकडे वळल्या. बावीस वर्षांत त्यांच्या सहीवर लोकांचा किती विश्वास बसलाय ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा बघायला मिळालं होतं, आणि तो विश्वास त्यांना काही केल्या परत घेता येत नव्हता. मला त्यांची इतकी कीव आली की मी रिक्षाचे पैसे द्यायचे विसरलो. ते त्यांनी दिले.

अकराव्या दिवशी चौकशी झाली. टेबलाच्या एका बाजूला मॅडम आणि साहेब, दुसऱ्या बाजूला वहिनी आणि मी. मी दोन पानी पत्र नेलं होतं. त्यात वाक्य माझं, नऊ जागा माझ्या, मॅन्युअल माझं, सगळा दोष माझा, असं होतं. मॅडमनी ते पूर्ण वाचलं.

"म्हणजे वाक्यच असं होतं की कोणालाही कळलं नसतं," मॅडम म्हणाल्या. "यांचा दोष नाही." साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडला. झालं होतं काम.

"मॅडम," वहिनी म्हणाल्या, "आता नवीन प्रोग्राम आलाय. त्यावर ती फाइल चालवून बघा."

साहेब छताकडे बघू लागले. मॅडमनी फाइल चालवली आणि संदेश मोठ्याने वाचला. बटणापाशी त्यांचा आवाज हळू झाला.

"हा संदेश कोणी लिहिला?"

"मी," वहिनी म्हणाल्या.

"तुम्हाला कळतंय ना, जुनं वाक्य राहिलं असतं तर तुम्ही आत्ता मोकळ्या झाला असतात?"

"हो. पण एकतीसचा पंप चालू आहे अजून. तिथे तीन महिन्यांचं बाळ आहे. आधी पाणी आणायला माणूस पाठवा, मग माझं काय ते सावकाश करा."

मॅडमनी फोन उचलला आणि ड्रायव्हरला बाटली घेऊन पाठवलं. याला एक मिनिटही लागलं नाही. साहेबांच्या कपाटाच्या सीलला काही झालं नाही.

मग मॅडमनी विचारलं, "घाई का केलीत?"

"केली."

"काही कारण असेल ना? शिक्षा ठरवताना कारण बघतात."

"कारण नाही," वहिनी म्हणाल्या. "तसंच लिहा."

पाणी आलं, प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या मुलीने मोजलं. पूर्ण चार मिनिटं थांबून. नायट्रेट मर्यादेच्या दुपटीहून जास्त. त्याच संध्याकाळी पंपावर कागद लागला आणि पाण्याची गाडी सुरू झाली. शिवणवालीच्या नातवाला दवाखान्यात नेलं. दोन दिवस ठेवून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. बाळ ठीक आहे.

वहिनींचा निकाल आठवड्याने आला. नोकरी राहिली. सहीचा अधिकार तीन वर्षांसाठी काढून घेतला आणि त्यांची बदली बाटल्या धुण्याच्या खोलीत झाली. खाली शेरा होता: 'घाईचे कोणतेही कारण दिले नाही, म्हणून सवलत देता आली नाही.'

त्या दिवशी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. दादा जेवताना बोलत नाही. त्या दिवशी बोलला.

"कारण सांगितलं असतंस तर सही तरी राहिली असती."

"जेवा तुम्ही," वहिनी म्हणाल्या.

"कसलं कारण?" मी विचारलं.

दादाने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याची थट्टा करतोय. "अरे, तू घरची किल्ली विसरून जिन्यात बसला होतास ना त्या दिवशी? साडेचारपासून चार फोन केलेस हिला, लवकर या म्हणून. मला डेपोत सुटी मिळाली नाही म्हणून शेवटी हीच धावत आली."

मला ते आठवलं. मी पायरीवर तासभर बसलो होतो, आणि चौथ्या फोनला मी चढ्या आवाजात म्हणालो होतो, वहिनी, अजून किती वेळ? त्या आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. मी साधं पाणीही विचारलं नव्हतं.

"वहिनी, मी उद्याच मॅडमना लिहितो," मी म्हणालो. "माझ्यामुळे झालं हे सगळं."

"तुम्ही फोन केलात, भावजी," वहिनी म्हणाल्या. "बटण मी दाबलं."

आणि त्यांनी माझ्या ताटात वाढलं. मान वर करून त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.